यादीत नसलेला राजा

आयर्लंड नावाचा देश मी पाहिलेला नाही आणि आता पाहायची इच्छाही उरलेली नाही. पण त्या देशातल्या एका राजाने माझ्या घरात जेवढी उलथापालथ केली, तेवढी आमच्या भाऊबंदांनी जमिनीच्या वाटपातही केली नव्हती. राजा म्हणजे काही फार मोठा नव्हे हो. तेराशे वर्षांपूर्वी त्या बेटावर प्रांताप्रांताला राजे होते, त्यांच्या हाताखाली आणखी छोटे राजे, म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याला एक. त्यातल्या एका प्रांताचा हा राजा. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याचा उच्चार मला उभ्या जन्मात जमला नाही. चुकीचं नाव लिहून त्या बिचाऱ्यावर आणखी एक अन्याय कशाला करा?

मी कसालला एका हायस्कुलात इतिहास शिकवायचो. आमच्या वाडीतला एकजण बोटीवर कामाला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि शाळेला भेट दिलं. आयर्लंडचा इतिहास! कसालच्या पोरांना! हेडमास्तरांनी फोटो काढून घेतला आणि पुस्तक माझ्या टेबलावर आणून आदळलं. पुस्तकाच्या शेवटी जुन्या मठांतून उतरवून घेतलेल्या राजांच्या दोन याद्या होत्या, एकाच प्रांताच्या. पहिल्या यादीत हा राजा होता. दुसऱ्या यादीत त्याच्या आधीचा होता, नंतरचा होता, आणि मधला हा गायब. खाली लेखकाने बारीक अक्षरात एवढंच म्हटलं होतं की नाव का गळलं ते कळत नाही.

मला तो माणूस एकदम आवडून गेला. का, ते विचारू नका. शाळेत कोणी हजेरीतून सुटलं की मी म्हणायचो, काय रे, आयर्लंडचा राजा झालास काय? पोरं हसायची. पण त्याच पोरांना मी हेही बजावून सांगायचो की पुरावा नसेल तिथे इतिहासाच्या मास्तराने तोंड उघडू नये. पुस्तकात नाही ते उत्तरपत्रिकेत लिहिलं की मी लाल रेघ मारायचो आणि गुण द्यायचो नाही. या बाबतीत माझी ख्याती होती, आणि मला तिचा माजही होता.

आता माझ्या बाबांचं सांगतो. आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. इकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगतो. दसऱ्याला, जत्रेला, पेरणीच्या आधी सगळा गाव देवळात जमतो आणि एक माणूस देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने बोलतो. पाठ केलेलं नसतं काही. कोणाची गाय आजारी, कोणाचं चेडू लग्नाचं राहिलंय, कोण मुंबईला गेलाय आणि पत्ता नाही, सगळं देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावाने मागून ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या घरात हे सात पिढ्या चालत आलंय. बाबा उभे राहिले की देवळाबाहेर चपला सांभाळत बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यायचा. माइक त्यांनी कधी हातात धरला नाही. म्हणायचे, ‘देव काय भयरो आसा?’

त्या बाबांच्या गळ्याला गाठ आली. गोव्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. अगदी पूर्ण. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं. मग ते वहीत लिहून बोलायला लागले. दोनशे पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन कायम मांडीवर. जेवणात मीठ कमी हेसुद्धा लिहून.

त्या वर्षीचा दसरा तोंडावर आला. रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं मी घालायचं. पण मी कसालला खोली घेऊन राहणारा, रविवारपुरता गावात येणारा माणूस. वर्गात चाळीस पोरांसमोर माझी जीभ चुरुचुरु चालते, पण देवासमोर उभं राहून शेजाऱ्याच्या गायीचं बोलायचं म्हटलं की माझ्या पायाला घाम फुटतो. मी माझ्या चुलतभावाला म्हटलं, बाबा रे, यंदा तू उभा राहा.

हा चुलतभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. काका लवकर गेले, तेव्हापासून तो आमच्याच घरात वाढला. एका ताटात जेवलो आम्ही, एकाच तापाने आजारी पडलो. पुढे त्याने नारळाचा व्यापार केला. आवाज मात्र थेट बाबांचा. त्या दसऱ्याला तो उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. बाबा खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर ते फार गप्प झाले. म्हणजे लिहिणंही कमी झालं. मी दर रविवारी स्कूटरवरून यायचो, तर वहीत दोन शब्द. ‘इलस?’ आणि ‘जेव.’ मला ते बघवेना. मे महिन्यातला एक रविवार होता. पडवीत ते आमसुलं उन्हात घालायला निवडत बसले होते आणि मी त्यांच्यासमोर पाटावर. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, बाबा, तुम्हाला एका राजाची गोष्ट सांगू? आणि मी त्यांना माझ्या राजाची गोष्ट सांगितली.

सांगता सांगता मला काय सुचलं कोण जाणे. त्या लोकांत एक नियम होता, तो खरा आहे, पुस्तकात आहे, की राजाच्या अंगी व्यंग असता कामा नये. डोळा गेला, हात तुटला, की गादी सोडायची. हे मी सांगितलं. आणि पुढचं मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, या राजाचा आवाज गेला. लढाईत नाही, असंच, आजाराने. पण बाबा, माणूस केवढा मोठा बघा, कोणी हाकलायची वाट बघत बसला नाही. आपण होऊन उठला, धाकट्या भावाला गादीवर बसवलं आणि यादी लिहिणाऱ्यांना सांगितलं, माझं नाव घालू नका. म्हणून तो दुसऱ्या यादीत नाही. आणि तरी बघा, तेराशे वर्षांनी कसालचा एक मास्तर त्याच्यावर जीव टाकतोय.

बाबा आमसूल हातात तसंच धरून ऐकत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे माझ्यावर असे लागले होते. वहीत त्यांनी लिहिलं, ‘खरा?’ मी म्हटलं, म्हणजे काय, छापील पुस्तकात आहे. मला इतकं बरं वाटलं सांगू त्या दिवशी! त्यांना जोडीदार मिळाला, तोही राजा. आजारी माणसाला हसवायला जरा मीठ-मसाला लावला तर कोणाचं काय गेलं, असं म्हणून मी स्कूटरला किक मारली.

पुढल्या वर्षी बाबा गेले. गाऱ्हाणं चुलतभावाकडेच राहिलं, आणि देवाशपथ सांगतो, मला ते परत नकोच होतं. तो चांगलं घालायचा. मी मागे उभा राहून ‘होय म्हाराजा’ म्हणायचो आणि त्याचा आवाज ऐकून मला बाबा आठवायचे.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मी तोवर निवृत्त होऊन गावात येऊन राहिलो होतो. सभामंडपात काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची ठरली, तिच्यावर गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांची नावं कोरायची. चुलतभाऊ कमिटीत होता. मला म्हणाला, ‘दादा, इतिहास तुझो. यादी तू कर.’ मी तीन महिने त्या यादीच्या मागे होतो. जुनी कागदपत्रं उलगडली, मोडी वाचणारा एक म्हातारा दोडामार्गापर्यंत जाऊन गाठला, पणजोबांच्या वडिलांचं नाव शोधून काढलं. सात नावं झाली. सहावं बाबांचं, सातवं चुलतभावाचं. स्वच्छ अक्षरात लिहून कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी पाटीवरचं कापड काढलं. टाळ्या झाल्या. मी चष्मा पुसून पुढे झालो. आजोबांचं नाव, आणि त्याच्या खाली थेट चुलतभावाचं. सहा नावं. मी पुन्हा वरून खाली मोजली. बाबा नव्हते.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. महाप्रसादाच्या पंगती बसत होत्या, तो आमटीची बालदी घेऊन वाढत फिरत होता. मी त्याला पंगतीतच गाठलं.

‘बाबांचा नाव खंय?’

‘दादा, तू आधी जेवून घे.’

‘माका जेवण नको. नाव खंय? कोणी काढल्यान?’

त्याने बालदी खाली ठेवली. ‘मी काढलंय.’

‘कित्याक?’

‘तां माका सांगूक जमाचा नाय,’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बालदी उचलून पुढच्या पानावर गेला.

बस्स. एवढंच! कारकुनाची चूक झाली म्हणाला असता, पाटीवर जागा पुरली नाही म्हणाला असता, तर मी निदान खोटारडा म्हणून शिवी दिली असती. पण हा तोंडावर सांगतो की मी काढलं आणि कारण सांगणार नाही. ज्या माणसाने बाप गेल्यावर याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याचं नाव याने खाल्लं! आणि ते माझ्याच हातून यादी करून घेऊन. केसाने गळा कापणं याहून वेगळं काय असतं? मी भर पंगतीत ओरडलो, ‘तुका आजपासून भाव म्हणूचंय नाय!’ लोक जेवायचे थांबले. तो खाली मान घालून वाढत राहिला. मी न जेवता घरी आलो आणि देव्हाऱ्यासमोर ढसाढसा रडलो. साठी उलटलेला माणूस.

आठ महिने आम्ही बोललो नाही. घरं शेजारी, विहीर एक. तो विहिरीवर असला की मी बादली घेऊन परत फिरायचो. बायकांचं मात्र आतून चालूच. त्याच्याकडून बांगडे यायचे, आमच्याकडून फणस जायचा. त्याच्या नारळाची सोलकढी मी पंधरा दिवस ओठाला लावली नाही. सोळाव्या दिवशी दोन वाट्या प्यायलो आणि मग बायकोने सांगितलं नारळ कोणाचा ते. त्या दिवशी मी तिच्याशीही बोललो नाही.

कमिटीला दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. जो तो म्हणायचा, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. मग मी माझं हत्यार काढलं. दसऱ्याआधीच निघणाऱ्या इथल्याच एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला, माझ्या आयर्लंडच्या राजावर. आणि त्यात ठासून लिहिलं की हा राजा भोळा होता, त्याने धाकट्या भावावर विश्वास टाकला, भावाने गादी बळकावली आणि मग आपल्या मर्जीतल्या मठवाल्यांकडून यादी लिहून घेऊन राजाचं नावच खाऊन टाकलं. दगाबाज भाऊ तेराशे वर्षांपूर्वीही होते आणि आजही देवळादेवळांत आमटी वाढत फिरतात. हे शेवटचं वाक्य संपादकाने काढलं. पण ते नसतानाही गावाला सगळं समजलं. आचऱ्याच्या बाजारात एकाने मला विचारलं, ‘मास्तरांनू, त्या राजाचो भाऊस नारळ इकी होतो काय?’ मी मनापासून हसलो. कित्येक महिन्यांनी मला जेवण गोड लागलं.

चार दिवसांनी, दुपारची चहाची वेळ होती, चुलतभाऊ आला. अंगणातून वर चढला नाही, पायरीवरच बसला. एका हातात दिवाळी अंक, दुसऱ्या हातात एक दोनशे पानी वही. बाबांच्या वह्या माझ्याकडे आहेत, पाच, कपाटात. ही मी कधी पाहिली नव्हती.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘मी ह्यां दोनदा वाचलंय. माका एक सांग. भावान नाव खाल्ल्यान असा तू हयसर लिवलंस. पण काकांक तू वेगळाच सांगलेलंस.’

त्याने वही उघडून माझ्यासमोर धरली. बाबांचं अक्षर. चुलतभावासाठी लिहिलेलं, आमसुलांचा डाग पडलेलं पान; त्यातला झील, म्हणजे मुलगा, तो मी.

‘ह्येच्या फुडे गाऱ्हाणा तूच घाल. माझो आवाज गेलो, माझो मान गेलो. कधी नावां लिवची येळ इली तर माझा नाव लिवू नको. झिलान माका त्या राजाचा सांगल्यान. झील उघड बोलाक नाय, पण माका समाजला. तेका हीच गोष्ट माका सांगूची होती. राजान बरा केल्यान. मीय तसाच करतंय. झिलाक ह्यातला कायएक सांगू नको. तेका वाईट वाटतला.’

मी ते परत परत वाचलं. पहिल्यांदा मला जे वाटलं ते लिहितो, कारण लपवून काय उपयोग? मला बाबांचा राग आला. भयंकर राग. दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसत होतो. मला ‘इलस’ आणि ‘जेव’, आणि याला एवढं पानभर? मला विचारायचं तरी, की बाळा, तुझ्या मनात हेच आहे ना? एवढासा प्रश्न! वही मांडीवर होती, पेन दोऱ्याला बांधलेलं होतं. सख्ख्या मुलाकडून लपवून पुतण्याला वचनात बांधून गेले. आठ महिने मी भावाला दगाबाज म्हणत होतो, आणि मला अंधारात ठेवलं होतं माझ्या बापाने.

चुलतभाऊ थांबला होता. ‘गावान माका काय काय नाय म्हटल्यानी,’ तो म्हणाला. ‘माझ्या नातवाक शाळेत पोरा राजाच्या भावाचो नातू म्हणतत. मी तोंड उघडलंय नाय. काकांक शब्द दिलेलो. पण हो लेख वाचलंय आणि माझी झोप उडाली. ह्या दोनातला खरा खंयचा, दादा? राजा आपणहून गेलो, काय भावान काढल्यान?’

मला त्या क्षणी एखादं तिसरंच कारण सुचलं असतं तर मी तेही ठोकून दिलं असतं. पण सुचलं नाही.

‘दोनय नाय,’ मी म्हटलं. ‘पुस्तकात नुसता नाव आसा. एका यादीत आसा, दुसऱ्या यादीत नाय. कित्याक नाय तां कोणाकच म्हायत नाय.’

‘आणि आवाज?’

‘तो मी घातलंय.’

‘नाव घालू नको म्हणान सांगल्यान, तां?’

‘तांय मीच.’

आठ महिने गावाच्या शिव्या खाताना त्याचा चेहरा मी पाहिला होता, पण असा नव्हता. त्याने वही मिटली, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

‘उद्या कारागिराक बोलवतंय,’ तो म्हणाला. ‘आजोबांच्या खाली जागा करून नाव घालूक येतला. पण गाव विचारतलो, आधी कित्याक काढलंस आणि आता कित्याक घालतंस. ह्या दसऱ्याक देवासमोर सगळ्यांका तूच सांग, मगच कारागीर हात लावतलो. माझ्या तोंडातसून तां येवचा नाय.’

मी ‘बरं’ म्हटलं. तो उठला. चहा घेऊन बायको बाहेर आली तेव्हा तो कुंपणाच्या पलीकडे गेला होता.

तो दसरा होऊन गेला. मी देवळात गेलो होतो, मागच्या खांबाशी उभा होतो. गाऱ्हाणं संपल्यावर चुलतभावाने वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मी चपला शोधायला बाहेर आलो. पाटीवर अजून सहाच नावं आहेत. गाव अजून त्यालाच नावं ठेवतं.

तीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला. घंटा झाली की त्यांनी तो वर्गात टाकला आणि ती घरी गेली. माझं ऐकून तसं वागून दाखवणारा मला आयुष्यात एकच विद्यार्थी मिळाला. त्याने मला वहीत लिहून विचारलं होतं, खरं का, आणि मी हो म्हटलं होतं.